मामल्यात उंदीर पडले तेव्हा: १९९४ चा प्लेग आणि देशाचं साथरोग सर्वेक्षण

१९९४ च्या प्लेगचा विषय निघाला की लोकांना सुरत आठवते. तोंडाला रुमाल बांधलेली माणसं, स्टेशनवरची झुंबड, टेट्रासायक्लिनसाठी औषधांच्या दुकानांसमोर लागलेल्या रांगा. सरकारी हिशेबात मात्र या साथीची पहिली तारीख २६ ऑगस्ट १९९४ अशी आहे आणि ती बीड जिल्ह्यातल्या मामला या गावाची आहे. सुरतेत गवगवा झाला तो २१ सप्टेंबरला. या दोन तारखांच्या मध्ये जवळजवळ चार आठवडे जातात. मामल्यात माणसांच्या आधी उंदीर मरत होते, ते आठवडे वेगळेच. प्लेगच्या जंतूबद्दल तेव्हाही पुरेसं माहीत होतं, औषधही स्वस्त आणि हाताशी होतं. तरीही जे घडलं ते का घडलं, याचं उत्तर या आठवड्यांत शोधावं लागतं.

भूकंपानंतरचं वर्ष

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन आटोपून लोक झोपले असताना, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. शेजारच्या बीड जिल्ह्यात त्या मानाने नुकसान कमी, पण भीती तेवढीच. दगड-मातीच्या घरांत झोपायला लोक धजावत नव्हते, अंगणात किंवा पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते. धान्य मात्र बहुतेकांचं जुन्या घरातच. माणसांचा वावर नाही आणि पोती भरलेली, म्हणजे उंदरांना रान मोकळंच. शिवाय जमीन हादरल्यामुळे रानातले उंदीर बिळं सोडून वस्तीकडे सरकले आणि त्यांच्यातला जंतू घरच्या उंदरांत आला, अशी एक मांडणी तेव्हापासून केली जाते. ती पटण्याजोगी आहे, पण सिद्ध झालेली नाही. मला तिचा पहिला भाग, म्हणजे रिकामी घरं आणि भरलेली पोती, जास्त भरवशाचा वाटतो.

ऑगस्टच्या सुरुवातीला मामल्यात उंदीर मरून पडायला लागले. आढ्यावरून, भिंतीच्या फटीतून, दिवसाढवळ्या. पाठोपाठ पिसवांचा त्रास सुरू झाला. क्रम असाच असतो: उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा नवं रक्त शोधायला निघतात, आणि जवळ दुसरा उंदीर नसेल तर माणूस असतोच. पुढे ताप, आणि जांघेत किंवा काखेत दुखरी गाठ.

महाराष्ट्राला हा क्रम नवा नव्हता. २३ सप्टेंबर १८९६ ला मुंबईत मांडवी भागात मूळ गोव्याचे डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी गाठीचा प्लेग ओळखला आणि पुढची काही दशकं या रोगाने दख्खन पिंजून काढलं. पुण्यातला रँडचा अंमल आणि चापेकर बंधू शाळेच्या पुस्तकात आहेत. प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ ला गेल्या, हेही सगळ्यांना माहीत आहे. त्या काळात खेड्यांनी एक रीत स्वतःच बसवली होती. घरात उंदीर पडायला लागले की गाव सोडायचं, रानात झोपड्या घालायच्या आणि साथ ओसरेपर्यंत परतायचं नाही. कुठल्याही प्रयोगशाळेशिवाय चालणारं हे सर्वेक्षण होतं. दिसलेली खूण आणि करायची कृती, दोन्ही एकाच माणसाच्या हातात होत्या.

१९९४ पर्यंत ती रीत पुसली गेली होती. १९६६ नंतर देशात माणसाला प्लेग झाल्याची नोंद नव्हती. अठ्ठावीस वर्षं म्हणजे डॉक्टरांची एक अख्खी पिढी. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या तरुण वैद्यकीय अधिकाऱ्याने प्लेग परीक्षेपुरता वाचलेला, डोळ्यांनी पाहिलेला नाही. देशाची प्लेगवर नजर अजिबात नव्हती असंही नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय संचारी रोग संस्थेचं, म्हणजे एनआयसीडीचं, बेंगळुरूचं केंद्र कर्नाटक, तामिळनाडू आणि आंध्रच्या सीमेवरचे उंदीर तपासत असे, कारण जुनं केंद्रस्थान तिथे होतं. नजर जिथे लागली होती तिथे प्लेग आला नाही, मराठवाड्यात आला.

बीडमध्ये काय झालं

मामल्याचं काम तसं वाईट झालं नाही, हे इथे सांगायलाच हवं. सुरतेच्या गोंधळात ते झाकलं गेलं. गाठ आलेले रुग्ण दिसल्यावर राज्याच्या आरोग्य खात्याची आणि दिल्लीची पथकं गावात पोहोचली. घरोघर ताप आणि गाठीची विचारपूस झाली, टेट्रासायक्लिन वाटलं गेलं, घरांतून कीटकनाशकाची भुकटी मारली गेली. भुकटीचा क्रम महत्त्वाचा असतो. आधी पिसवा मारायच्या, मग उंदीर. उलटं केलं तर बेघर झालेल्या पिसवा आपण स्वतःच माणसांवर सोडतो. घाबरलेलं गाव पहिल्या दिवशी उंदीर मारायला धावतं, त्याला आवरणं हेही पथकाचंच काम.

गाठीचा प्लेग माणसाकडून माणसाकडे सहसा जात नाही आणि वेळेत औषध मिळालं तर बरा होतो. त्यामुळे बीडची साथ पसरली तरी आटोक्यात राहिली. प्रश्न वेगळाच होता. बीडमध्ये प्लेग आहे हे कळल्यावर ते आणखी कोणाला कळायला हवं होतं, आणि कळवणं कोणाचं काम होतं?

खानदेश-मराठवाड्यातून सुरतेला कामासाठी जाणं ही जुनी गोष्ट. उधना, लिंबायत, वेड रोड या भागांत यंत्रमागावर राबणारी मराठी माणसं मोठ्या संख्येने राहतात. सुरत-भुसावळ लोहमार्गावर नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगाव अशी स्टेशनं आहेत, आणि सणाला गावी येणं, परत जाणं चालूच असतं. बीडचा प्लेग माणसांबरोबर सुरतेला गेला का, याचं पक्कं उत्तर आजही नाही. पण समजा तो गेला नसेल, तरी शेजारच्या राज्यातल्या महापालिकेला आणि तिथल्या डॉक्टरांना एक सूचना मिळाली असती तर तीव्र न्यूमोनियाच्या पहिल्या रुग्णांकडे वेगळ्या नजरेने पाहिलं गेलं असतं. एका जिल्ह्याची खबर दुसऱ्या राज्यातल्या शहराला आपोआप पोहोचेल अशी वाटच तेव्हा बांधलेली नव्हती. राज्याने दिल्लीला कळवायचं, दिल्लीने जागतिक आरोग्य संघटनेला कळवायचं (प्लेग, कॉलरा आणि पीतज्वर हे तीनच रोग त्या वेळच्या आंतरराष्ट्रीय नियमांत होते), पण आडवी देवाणघेवाण कोणी करायची हे कुठे ठरलेलं नव्हतं.

सुरत, २१ सप्टेंबर

त्या सप्टेंबरात तापीला पूर आला होता. पाणी ओसरल्यावर गाळ, कचरा आणि मेलेली जनावरं वस्त्यांत पडून होती. १९९१ च्या जनगणनेत सुरतेची लोकसंख्या १५ लाखांच्या आसपास होती, आणि झोपडपट्ट्यांची वाढ महापालिकेच्या आवाक्याबाहेर गेलेली होती.

२१ सप्टेंबरला महापालिकेच्या आरोग्य विभागाच्या उपायुक्तांना खबर आली, की एक रुग्ण फुप्फुसाच्या प्लेगसारख्या लक्षणांनी दगावला आहे. त्यांनी त्या भागातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना सावध केलं. त्याच दिवशी नंतर त्यांना एका घाबरलेल्या माणसाचा फोन आला. वेड रोड भागात दहा माणसं मेली आहेत आणि पन्नासेक अत्यवस्थ रुग्ण रुग्णालयात आहेत, असं त्याने सांगितलं.

या फोनपाशी जरा थांबू. एका वस्तीत दहा मृत्यू एका दिवसात होत नाहीत. कोणीतरी त्यांना तपासलं असणार, कोणीतरी औषध लिहून दिलं असणार, कुठेतरी दाखला झाला असणार. म्हणजे माहिती शहरात होती, पण सुटी सुटी. एका दवाखान्यात एक, दुसऱ्यात दोन, बाकीचे घरीच. त्यांची बेरीज करणं कोणाच्याही कामाच्या यादीत नव्हतं, ती एका नागरिकाने केली. खासगी डॉक्टरांनी संशयित रुग्ण कळवावा अशी चालती व्यवस्था नव्हती, आणि शहरातले बहुतेक रुग्ण आधी जायचे ते खासगी डॉक्टरकडेच.

फुप्फुसाचा प्लेग वेळ देत नाही. एक ते तीन-चार दिवसांत लक्षणं दिसतात, खोकल्यातून तो थेट दुसऱ्याला जातो, आणि लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण चोवीस तासांत प्रतिजैविक मिळालं नाही तर रुग्ण सहसा वाचत नाही. इथे एका दिवसाचा उशीरही परवडत नाही. खरा उशीर किती झाला हे मोजायला लागणारी नोंदवहीसुद्धा नव्हती.

त्या रात्री बातमी शहरभर गेली. दोन दिवसांत तीनेक लाख लोक सुरत सोडून गेले असा अंदाज दिला जातो. कोणी सौराष्ट्रात, कोणी मुंबईला, कोणी तापीकाठच्या लोहमार्गाने खानदेशात. बरेच खासगी डॉक्टरही निघून गेले. रुग्णांनी पळू नये म्हणून सरकारी रुग्णालयाभोवती शीघ्र कृती दलाचे जवान उभे करावे लागले. टेट्रासायक्लिन काही तासांत दुकानांतून संपलं. ज्यांना गरज नव्हती त्यांनी ते खाल्लं आणि साठवलं. पुढे आखाती देशांनी विमानं थांबवली, निर्यातीचा माल बंदरांवर अडला. जागतिक आरोग्य संघटना प्रवासबंदीची गरज नाही असं सांगत होती, पण खात्रीचे आकडेच हाती नसताना ते कोण ऐकणार?

एवढं होऊनही फुप्फुसाच्या प्लेगची साथ साधारण दोन आठवड्यांत विझली. औषधाचा मारा जबरदस्त होता, आणि पळालेल्या लोकांमुळे देशभर प्लेग पेटेल ही भीती खोटी ठरली. याच गोष्टीने पुढच्या वादाला तोंड फुटलं.

प्लेग होता की नव्हता?

हा वाद माझ्या मते या प्रकरणाचा सगळ्यात शिकवणारा भाग आहे, आणि तो वर्तमानपत्रांतून विनाकारण नाहीसा झाला. वेल्लोरचे डॉक्टर टी. जेकब जॉन यांच्यासारख्या नावाजलेल्या तज्ज्ञांनी उघड शंका घेतली. फुप्फुसाचा प्लेग इतक्या गर्दीच्या शहरात येऊन एवढ्यावर थांबतो कसा? घरातली इतर माणसं आजारी का पडली नाहीत? हा दुसराच जंतू तर नाही?

शंका रास्त होती, कारण पुरावा कच्चा होता. जंतूची लागण सिद्ध करायची तर थुंकी, रक्त किंवा गाठीतला द्रव औषध सुरू करण्याआधी घ्यावा लागतो, नीट साठवावा लागतो, आणि जंतू वाढवून दाखवणारी प्रयोगशाळा लागते. सुरतेत औषध आधी पोहोचलं, नमुने नंतर. रुग्णाच्या दृष्टीने तेच बरोबर, पण पुराव्याच्या दृष्टीने नुकसान. मग बरीच भिस्त राहिली रक्तातल्या प्रतिपिंडांवर, म्हणजे शरीराने जंतूविरुद्ध तयार केलेल्या प्रथिनांवर, तीही अनेकदा एकाच नमुन्यावर. आजार सुरू होताना एक आणि बरा होताना एक असे दोन नमुने असले तर प्रतिपिंड वाढल्याचं दिसतं. एकाच नमुन्यात ते सापडले तर ते या आजाराचे, जुन्या संसर्गाचे, की चाचणीच्या दोषाचे, हे सांगणं अवघड.

आता आकडे पाहा. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत देशात ५,१५० संशयित रुग्ण नोंदले गेले, त्यांतले २,७९३ महाराष्ट्रात आणि १,३९१ गुजरातेत. प्रतिपिंड सापडलेले एकूण ६९३: महाराष्ट्र ४८८, गुजरात ७७, दिल्ली ६८, कर्नाटक ४६, उत्तर प्रदेश १०, मध्य प्रदेश ४. मृत्यू ५६, आणि त्यांतले बहुतेक सुरतेत. म्हणजे जिथे माणसं मेली तिथे तपासणीत सापडलेले थोडे, आणि महाराष्ट्रात जवळपास सहापट. हे रोगाचं चित्र नाही. कोणी किती कसून शोधलं, किती जणांचं रक्त घेतलं आणि कोण किती घाबरलं होतं, याचं चित्र आहे. सप्टेंबरअखेरीस साध्या तापाचा माणूसही संशयित म्हणून लिहिला जात होता. आणि एरवी, साथ नसताना, बीडमधल्या किंवा दिल्लीतल्या शंभर निरोगी माणसांच्या रक्तात ही चाचणी किती वेळा होकारार्थी येते, हे कोणी आधी पाहून ठेवलेलं नव्हतं. नेहमीची पातळी ठाऊक नसेल तर वाढ झाली असं कशाच्या आधारावर म्हणायचं?

डॉक्टर व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने हा प्लेगच होता असा निष्कर्ष काढला. पुढे सुरत आणि बीडच्या नमुन्यांतून वाढवलेल्या जंतूंच्या जनुकीय तपासणीनेही तो यर्सिनिया पेस्टिस, म्हणजे प्लेगचाच जंतू, असल्याचं दाखवलं. त्यातली एक तपासणी २००० साली प्रसिद्ध झाली. रोग काय होता हे सांगायला लागलेली ही वर्षं बघितली की तेव्हाच्या प्रयोगशाळांची अवस्था वेगळी वर्णन करावी लागत नाही.

त्यानंतर काय उभं राहिलं

१९९५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने जुने आंतरराष्ट्रीय नियम बदलायचा ठराव केला. त्याला सुरतेची पार्श्वभूमी होती. सुरतेत त्याच वर्षी एस. आर. राव आयुक्त म्हणून आले आणि शहर झाडून काढलं. त्याचं कौतुक भरपूर झालं आहे, म्हणून इथे एवढंच. १९९६ मध्ये दिल्लीत डेंग्यूची मोठी साथ आली, दहा हजारांवर रुग्ण आणि चारशेहून अधिक मृत्यू. या धक्क्यांनंतर १९९७-९८ मध्ये पाच जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात संचारी रोगांच्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला. तो वाढत शंभरेक जिल्ह्यांपर्यंत गेला. नोव्हेंबर २००४ मध्ये जागतिक बँकेच्या मदतीने एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प आला, आणि पहिल्या टप्प्यातल्या नऊ राज्यांत महाराष्ट्र होता. एनआयसीडीचं नाव २००९ मध्ये एनसीडीसी, म्हणजे राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र, असं झालं.

या प्रकल्पाचा कणा म्हणजे तीन फॉर्म होते. उपकेंद्रातल्या नर्सताईंनी किंवा आरोग्यसेवकाने भरायचा ‘एस’, वैद्यकीय अधिकाऱ्याने भरायचा ‘पी’, आणि प्रयोगशाळेने भरायचा ‘एल’. आठवडा सोमवार ते रविवार. एकही रुग्ण नसेल तरी शून्य लिहून पाठवायचं, कारण रिकामा कागद आणि न आलेला कागद यांत फार फरक असतो. ‘एस’ फॉर्ममध्ये रोगांची नावं नव्हती, लक्षणं होती. सात दिवसांपेक्षा कमी ताप: नुसता, पुरळासह, रक्तस्रावासह, गुंगीसह. सात दिवसांहून जास्त ताप. तीन आठवड्यांच्या आतला आणि त्यापुढचा खोकला. पातळ जुलाब, पाणी कमी झालेलं की नाही. कावीळ. पंधरा वर्षांखालच्या मुलांमधला अचानक आलेला लुळेपणा. आणि शेवटी एक ओळ: वर कुठेच न बसणारी, मृत्यू किंवा दवाखान्यात भरती व्हायला कारण ठरलेली वेगळी लक्षणं.

ही शेवटची ओळ मला फार आवडते. ज्याने ती घातली त्याला सुरत आठवत असणार. पण तिथेही अट होतीच: माणूस दगावला किंवा भरती झाला पाहिजे. मामल्याच्या उंदरांसाठी या कागदावर रकाना नव्हता.

व्यवस्था कामाला येते का, याचं एक उदाहरण २००२ चं आहे. फेब्रुवारीत हिमाचल प्रदेशात, शिमला जिल्ह्यातल्या हाटकोटी भागात, शिकारीला गेलेल्या माणसाने रानमांजर सोललं आणि त्याच्यापासून नात्यातल्या व शुश्रूषा करणाऱ्या माणसांना फुप्फुसाचा प्लेग झाला. एकूण १६ रुग्ण, ४ मृत्यू. या वेळी डॉक्टरांच्या मनात प्लेगचं नाव लवकर आलं, नमुने वेळेवर दिल्लीला गेले, जंतू वाढवून दाखवला गेला, संपर्कातल्या माणसांना औषध मिळालं आणि कोणी शहर सोडून पळालं नाही. तेव्हा एकात्मिक प्रकल्प सुरूही झालेला नव्हता. श्रेय फॉर्मला देता येत नाही. ते १९९४ च्या आठवणीला आणि त्यानंतर सुधारलेल्या प्रयोगशाळेला द्यावं लागतं. दुर्गम भाग आणि थोडी वस्ती यांचाही वाटा होताच.

उलट बाजूचं उदाहरण अगदी जवळचं, जानेवारी २०२५ चं. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गिलेन-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले, पुढे संशयितांची संख्या दोनशेच्या वर गेली. मज्जासंस्थेचा हा विरळ विकार आठवड्यात एवढे रुग्ण देत नाही, हे लक्षात आलं ते मोठ्या रुग्णालयांतल्या डॉक्टरांच्या. लुळेपणाचा रकाना पोलिओसाठी बांधलेला, पंधरा वर्षांखालच्या मुलांचा. प्रौढांचा लुळेपणा त्यात मावत नाही. त्याआधी झालेले जुलाबही फारसे कुठल्या कागदावर आले नसणार, कारण शहरात जुलाब झालेला माणूस कोपऱ्यावरच्या खासगी दवाखान्यात जातो. रुग्णालयांनी कळवल्यावर मात्र पथकं घरोघर फिरत होती, पाण्याचे नमुने घेतले गेले, पुण्याचीच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था मदतीला होती. बेरीज होईपर्यंतचा भाग अजून बराचसा योगायोगावर चालतो, बेरजेनंतरचा पुष्कळ सुधारला आहे.

एप्रिल २०२१ पासून कागदी फॉर्मची जागा देशभर एकात्मिक आरोग्य माहिती मंचाने घेतली. तापाचा प्रत्येक रुग्ण गावासह टॅबवर नोंदवता येतो, रोगांची यादी तेहतीसवर गेली, आणि आकड्यांखेरीज नुसत्या घटनेची सूचना देण्याचीही सोय आहे. गावात उंदीर मरताहेत, कोंबड्या मरताहेत, एकाच विहिरीचं पाणी पिणारी माणसं आजारी आहेत, असं सगळं त्यात बसतं. मामल्याचे उंदीर आज कळवता येतील.

कळवले जातील का, हे जिल्हा सर्वेक्षण कक्षातल्या भरलेल्या आणि रिकाम्या पदांवर ठरतं. आशाताईंनी पाठवलेली सूचना पडताळायला तिथे साथरोगतज्ज्ञ असेल, त्याच्याकडे गाडी असेल, आणि तपासून ‘काही नव्हतं’ असं जरी निघालं तरी तो तिला उलट फोन करून तेवढं सांगत असेल, तर ती पुढच्या वेळी पुन्हा कळवेल. पाच वेळा कळवून एकदाही फोन आला नाही, तर सहाव्या वेळी ती शून्य लिहून मोकळी होईल.